नागपूरहून परदेशी विमानप्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पासपोर्ट, व्हिसा, बॅगेचं वजन हे सगळ्या गावांना सारखंच. पण मुंबईकराचं घर आणि त्याचं आंतरराष्ट्रीय विमानतळ एकाच शहरात असतं, आपल्याला आधी तिथवर पोचायचं असतं. नागपूरकरांच्या प्रवासात घोळ होतो तो बहुतेक वेळा या पहिल्या टप्प्यात, म्हणून सुरुवात तिथूनच.

नागपूरहून थेट परदेशात विमान जातं का?

जातं, पण पर्याय फार नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून, म्हणजे आपल्या सोनेगावहून, नियमित थेट सेवा राहिली आहे ती आखाताकडे: दोह्याला कतार एअरवेजची आणि शारजाला एअर अरेबियाची. हज यात्रेकरूंसाठीही नागपूर हे निघण्याचं ठिकाण आहे. आखाती विमानांचे वार आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, मधे काही काळ सेवा थांबल्याचंही झालं आहे. त्यामुळे शेजारच्यांनी मागच्या वर्षी सांगितलेल्या वेळापत्रकावर बेत आखू नका, कंपनीच्या साइटवर तारीख टाकून बघा.

युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांनी दोह्याचा मार्ग आधी तपासावा असं माझं मत. तिकीट दोन-चार हजारांनी महाग असलं तरी इमिग्रेशन नागपुरातच उरकतं, बॅग सोनेगावला दिली की मधे दोह्यात उचलावी लागत नाही आणि मुंबईतली धावपळ वाचते. म्हाताऱ्या माणसांसाठी तर हा मार्ग सोन्यासारखा.

मुंबईमार्गे जावं की दिल्लीमार्गे?

डिसेंबर-जानेवारीत शक्यतो मुंबई. दिल्लीच्या धुक्यात सकाळची विमानं तासन् तास खोळंबतात, आणि नागपूरहून गेलेल्या माणसाचं पुढचं विमान तोवर उडालेलं असतं. दिल्लीच हवी असेल तर आदल्या दुपारी पोचा. जुलैत मुंबईचा पाऊसही त्रास देतो, पण दोन्हींतून निवडायचंच असेल तर मी तरी दिल्लीच्या धुक्यापेक्षा मुंबईचा पाऊस पत्करेन.

मुंबईचं तिकीट काढताना विमानतळाचा कोड नीट वाचा. २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुरू झाली आहेत. जुन्या मुंबईचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. नागपूरहून नवी मुंबईला उतरायचं आणि पुढचं विमान अंधेरीच्या टर्मिनल २ (टी-२) वरून, असं तिकीट स्वस्त दिसतं खरं, पण मधे अख्खी खाडी आणि मुंबईचं ट्रॅफिक आहे. जुन्या विमानतळावरही टी-१ आणि टी-२ वेगवेगळ्या जागी आहेत. आंतरराष्ट्रीय विमानं टी-२ वरून सुटतात. तुमचं नागपूरचं विमान टी-१ ला उतरत असेल तर बॅगा घेऊन रस्त्यानं टी-२ गाठावं लागतं.

नागपूर-मुंबई आणि मुंबईपासून पुढचं अशी दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात. घ्यावीत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि स्वस्तपणा बहुतेक वेळा वरवरचाच निघतो.

एकाच पीएनआरवर सगळा प्रवास असेल तर नागपूरचं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं, तरी पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी असते. दोन वेगळ्या तिकिटांत तसं नाही. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी. तिकीट गेलं, नवं काढा, तेही त्या दिवशीच्या भावानं.

दुसरी गोष्ट वजनाची. देशांतर्गत इकॉनॉमीत साधारण १५ किलोची बॅग धरतात. अमेरिकेच्या तिकिटावर पुष्कळदा २३-२३ किलोच्या दोन बॅगा चालतात. एकच तिकीट असेल तर सहसा मोठी मर्यादाच नागपूरपासून लागू होते. वेगळं तिकीट असेल तर सोनेगावच्या काउंटरवर ४६ किलो ठेवल्यावर ३१ किलोचे जादा पैसे मागतात. मग काउंटरच्या बाजूला बॅग उघडून बसलेलं कुटुंब दिसतं: आई लोणच्याची बरणी हातात धरून विचार करतेय, बाबा स्वेटर अंगावर चढवताहेत, बाहेर एप्रिलचं ऊन. काही कंपन्या पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवलं तर वजनात सूट देतात. ते आधी लेखी विचारून ठेवा, काउंटरवर वाद घालून काही होत नाही.

तरीही वेगळी तिकिटं घ्यायचीच असतील तर नागपूरहून आदल्या दिवशी निघा. रात्री गाडीनं जायला विदर्भ एक्स्प्रेस आहे, दुरांतो आहे, सकाळी मुंबईत. एक दिवस नातेवाइकांकडे किंवा लॉजवर काढायचा खर्च हा त्या तिकिटाचाच भाग समजून हिशेब करा. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाल्यापासून गाडीनं मुंबई गाठायचे बेतही ऐकू येतात. ७०१ किलोमीटर रात्रभर गाडी हाकून मग चौदा तास विमानात बसणं तुमच्या कमरेला परवडत असेल तर खुशाल जा.

सोनेगावला किती आधी पोचावं? मेट्रोनं जाता येईल का?

आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी. चेक-इनचा काउंटर सहसा उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतो. आपलं टर्मिनल छोटं आहे, पण एका वेळी एकच मोठं विमान असल्यामुळे सगळे प्रवासी इमिग्रेशनच्या रांगेत एकदमच येतात. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. पाठीवर एक सॅक असेल तर ठीक, मोठ्या बॅगा असतील तर घरूनच ऑटो किंवा कॅब करा.

पासपोर्ट अजून चार महिने वैध आहे. चालेल ना?

अनेक देशांना नाही चालत. प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने वैधता हा साधारण नियम धरून चला, आणि दोन पानं कोरी असू द्या. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. ३६ पानी पासपोर्टला मोठ्यांसाठी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर आणखी २,०००. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, लहान मुलांचा पाच वर्षांचा. मुलांचा कधी संपला हे कोणाच्याच लक्षात नसतं, आपला काढून बघाल तेव्हा त्यांचाही बघा.

चिप असलेला ई-पासपोर्ट देण्याची सुरुवात २०२४ मध्ये ज्या मोजक्या कार्यालयांतून झाली त्यांत नागपूर होतं. म्हणजे तुमचा नवा पासपोर्ट कव्हरवर सोनेरी चिन्ह असलेला येईल. जुना साधा पासपोर्ट मुदतीपर्यंत चालतो, केवळ चिपसाठी बदलायची गरज नाही.

पोलीस पडताळणीच्या वेळी त्या पत्त्यावर घरी असा. त्रिमूर्तीनगरचा पत्ता देऊन पुण्यात राहिलात तर फाइल तिथेच अडकते.

पासपोर्टवर माझ्या नावात नवऱ्याचं नावही आहे. तिकिटावर नुसतं नाव आणि आडनाव चालेल का?

आपल्याकडे नाव तीन मजली: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टात रकाने दोनच: दिलेलं नाव आणि आडनाव. त्यामुळे सुनीता रमेश देशमुख यांच्या पासपोर्टात पहिल्या रकान्यात 'सुनीता रमेश' आणि दुसऱ्यात 'देशमुख' असतं. तिकीट काढताना तसंच्या तसं भरा, पहिल्या खान्यात दोन्ही शब्द. तिकिटावर दोन्ही शब्द चिकटून एकच लांब शब्द झालेला दिसला तर घाबरू नका, कंपन्यांच्या यंत्रणेत असंच छापलं जातं. मधलं नाव गळलं तर अनेक कंपन्या चालवून घेतात, पण ते काउंटरवरच्या माणसावर सोडू नका. स्पेलिंगमधल्या एका अक्षराची दुरुस्ती तिकीट काढल्याबरोबर केली तर सहज होते, आदल्या रात्री होत नाही.

लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलणं सक्तीचं नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट वैध असेल तर तिकीट आणि व्हिसा दोन्ही माहेरच्याच नावानं काढा. अर्ध एक, अर्ध दुसरं असं नको.

काहींच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोराच असतो, सगळं नाव एकाच खान्यात एक शब्द. अशांना अमिरातीच्या भेट व्हिसावर प्रवेश नाकारला जातो, हा नियम २०२२ च्या नोव्हेंबरपासून आहे. दुबईचं तिकीट काढण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या.

व्हिसासाठी मुंबईला जावंच लागतं का?

अमेरिकेसाठी मुंबई किंवा वाणिज्य दूतावास असलेलं दुसरं शहर गाठावंच लागतं. मुंबईचा दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, आणि बोटांचे ठसे व फोटो यांचं केंद्र वेगळं, बहुधा वेगळ्या दिवशी. दोन्ही तारखा लागून घ्या म्हणजे नागपूरहून एकाच फेरीत काम होतं. मुलाखतीला आत फोन आणि मोठी बॅग नेऊ देत नाहीत, सोबत कोणी असलेलं बरं. पूर्वी ७९ वर्षांवरच्यांना मुलाखत माफ असायची. २०२५ च्या सप्टेंबरपासून ती सवलत साधारणपणे काढली आहे, त्यामुळे आजींनाही न्यावं लागेल.

जुन्या पासपोर्टातला दहा वर्षांचा अमेरिकन व्हिसा पासपोर्ट बदलला म्हणून रद्द होत नाही. जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट सोबत न्या. मात्र व्हिसा दहा वर्षांचा म्हणजे मुक्काम दहा वर्षांचा नव्हे, किती दिवस राहायचं ते तिथला अधिकारी उतरल्यावर ठरवतो. आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं, उदाहरणार्थ मेक्सिकोला जाताना, तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच.

शेंगेन देशांसाठी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांसाठी, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची. पण उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी अर्ज द्यायची अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून मे महिन्याच्या सहलीसाठी जानेवारीतच हालचाल करा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

थायलंड, मलेशिया, सिंगापूर या तिन्ही देशांत पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती खोटी समजा.

ईसीआर शिक्का आहे. दुबईला फिरायला जाता येईल का?

येईल. तो शिक्का दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर असतो आणि ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना परवानगी लागते एवढाच त्याचा अर्थ. फिरायला किंवा लेकीकडे जायला अडत नाही, परतीचं तिकीट मात्र जवळ ठेवा.

मुलासाठी घरचं खाणं न्यायचं आहे. काय चालतं?

चिवडा, शंकरपाळे, चकल्या, मेतकूट, पापड: पॅक करून, वर नाव लिहून, मोठ्या बॅगेत. इथवर सहसा अडचण नाही. पुढचं मात्र नीट वाचा.

खसखस. अमिरातींसह आखातातल्या काही देशांत आणि सिंगापुरात खसखशीला अमली पदार्थाच्या कायद्याखाली धरतात. आपल्या सावजी मसाल्यात खसखस असते, घरच्या काळ्या मसाल्यात असते, आणि दिवाळीच्या अनारशांवर तर ती वरून दिसते. अनारसे घेऊन दुबईला जाणारी माणसं दर दिवाळीत भेटतात, आणि त्यांना वाटतं की खाऊ आहे, कोण विचारतंय. तिथे विचारतात. मसाला तिकडेच बिनखसखशीचा करा, अनारसे इकडे खा.

सुकं खोबरं. खोबऱ्याच्या वाट्यांत तेल इतकं असतं की विमान वाहतुकीत त्या पेटणाऱ्या पदार्थांत मोडतात. विमान कंपन्या त्या घेऊ देत नाहीत. पूजेच्या सामानातही एखादी वाटी राहून जाते, ती काढून ठेवा.

भिवापुरी तिखट हातातल्या बॅगेत नको, सुरक्षा तपासणीत काढतात. तूप आणि लोणचं हातातल्या बॅगेत द्रव पदार्थ धरतात, म्हणजे १०० मिलीच्या वर नाही. मोठ्या बॅगेत न्यायचं तर बरणीचं झाकण सेलोटेपनं बंद, वरून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या, मग टॉवेल.

संत्री नेता येत नाहीत, असं म्हटलं की नागपूरकराला जरा लागतंच. पण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात प्रवाशाच्या बॅगेतली ताजी फळं काढून घेतात, न सांगता नेली तर दंड होतो. मग संत्रा बर्फी? युरोपीय संघ आणि ब्रिटन बाहेरच्या देशांतून दूध-मांसाचे पदार्थ येऊ देत नाहीत, खव्याच्या मिठाया त्यातच आल्या. अमेरिकेला नेताना पाकिटावरचे घटक वाचा आणि कस्टमला 'खाण्याचे पदार्थ आहेत' असं सरळ सांगा. सांगून काढून घेतलं तर फक्त बर्फी जाते.

आणि खर्रा?

सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे, थोडासाही चालत नाही. इतर देशांतही सुपारी-तंबाखूची पुडी कस्टमच्या टेबलावर उलगडून सांगायची वेळ आणू नका. तेवढे दिवस नाही खाल्ला तर काही बिघडत नाही, घरच्यांना उलट बरंच वाटेल.

रोजच्या गोळ्या किती दिवसांच्या न्याव्यात?

मुक्कामापेक्षा पंधरा दिवस जास्तीच्या, मूळ पट्टीत, हातातल्या बॅगेत. डब्यात सुट्या भरलेल्या नकोत. डॉक्टरांकडून टाइप केलेली चिठ्ठी घ्या, तीत ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपल्याकडचा ब्रँड तिकडे कोणी ओळखत नाही. इन्सुलिन सामानाच्या डब्यात टाकू नका, तिथल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकतं.

अमिरातींत जाणाऱ्यांनी ट्रॅमाडॉल, कोडीन, अल्प्राझोलाम आणि प्रीगॅबालिन ही नावं आपल्या चिठ्ठीत शोधा. शेवटचं औषध मधुमेहात पायाची आग होते म्हणून कितीतरी जणांना चालू असतं. तिथे ही नियंत्रित औषधं आहेत, तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते.

पॉवर बँक?

फक्त हातातल्या बॅगेत, १०० वॅट-तासांच्या आत. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-तासांची भरते. अनेक कंपन्या उड्डाणात ती वापरू देत नाहीत, म्हणून फोन घरूनच पूर्ण चार्ज करून निघा.

अंगावर दागिने घालून गेलं तर परत येताना कस्टम अडवेल का?

मंगळसूत्र आणि रोजच्या बांगड्यांना सहसा कोणी विचारत नाही. लग्नाला जाताय आणि पाटल्या, तोडे, राणीहार सोबत आहे, तर जाताना भारतातल्या कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. दागिने दाखवायचे, वजन आणि वर्णन नोंदवून घ्यायचं. परत येताना तेच दागिने तिकडे घेतलेले नाहीत याचा तोच पुरावा. सोनाराचं मूल्यांकन जवळ असलं तर काम लवकर होतं. वेळ लागतो, म्हणून तासभर आणखी आधी पोचा. माझं विचाराल तर राणीहार लॉकरमध्येच बरा.

पैसे कसे न्यावेत?

थोडी रोकड, एक फॉरेक्स कार्ड (आधीच परकी चलन भरून घेतलेलं), एक क्रेडिट कार्ड. परकी चलनाची रोकड एका प्रवासाला साधारण ३,००० डॉलरपर्यंत मिळते, भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत नेता-आणता येतात. रोकड सीताबर्डी-सदरमधल्या अधिकृत विक्रेत्याकडून किंवा बँकेतून पावतीसह घ्या. विमानतळावर भाव पडतो.

निघायच्या आधी नागपुरातच दोन कामं करा. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा, २०२० पासून तो मुळात बंद असतो. आणि भारतीय सिमचं रोमिंग चालू करा, नाहीतर ओटीपी येणार नाही आणि कार्ड असून खोळंबाल. तिकडे दुकानदार यंत्रावर 'रुपयांत की स्थानिक चलनात' असं विचारतो तेव्हा स्थानिक चलनच निवडा. रुपयांत वाचायला बरं वाटतं, पण दर त्यांचा असतो.

आईबाबा पहिल्यांदाच एकटे जाताहेत, इंग्रजी जमत नाही. काय करावं?

व्हीलचेअर मागवा, तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी. बाबा म्हणतील, 'मी काय आजारी आहे का? रोज फुटाळ्यावर चार चकरा मारतो.' त्यांना समजावा की खुर्ची पायांसाठी नाही, सोबतच्या माणसासाठी आहे. तो माणूस इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी आणि बदलीचं गेट, सगळीकडे नेऊन सोडतो. दोह्यासारख्या अवाढव्य विमानतळावर गेट शोधताना चांगले इंग्रजी बोलणारेही गोंधळतात.

एका कागदावर मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत आणि मराठीत लिहून द्या: कुठे चाललो, कोणाकडे, त्यांचा पत्ता आणि फोन, किती दिवस, परतीची तारीख. इमिग्रेशनला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं बहुतेक या कागदातच असतात. कागद फोनमध्ये नको, फोनची बॅटरी संपते. पासपोर्ट ठेवायला गळ्यात अडकवायची छोटी पिशवी द्या. हातातल्या बॅगेत एक जोडी कपडे आणि शाल हवीच, बॅग उशिरा आली तर पहिला दिवस निभावतो.

विमानात शाकाहारी जेवण मिळेल ना?

मिळतं, पण आधी नोंदवावं लागतं. यादीतलं 'हिंदू मील' निवडू नका, त्यात चिकन किंवा मटण असू शकतं. 'एशियन व्हेजिटेरियन' निवडा, कांदा-लसूण नको असेल तर 'जैन'. २४ ते ४८ तास आधी.

परत येताना बॅग थेट नागपूरला मिळेल का?

दोहा किंवा शारजाहून थेट आलात तर हो. मुंबई-दिल्लीमार्गे येत असाल तर टॅगवर नागपूर छापलेलं असलं तरी साधारणपणे पहिल्या भारतीय विमानतळावर बॅग स्वतः पट्ट्यावरून उचलायची, कस्टममधून न्यायची आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायची. झोपेत, चौदा तासांच्या प्रवासानंतर, माणसं बॅग न घेता सरळ देशांतर्गत गेटकडे जातात. निघताना तिकडच्या काउंटरवरच विचारा: 'बॅग मुंबईला उचलायची का?' आणि मुंबईत या सगळ्यासाठी निदान चार तास ठेवा. शेवटचं नागपूरचं विमान गेलं तर दुसरं सकाळीच.